रिले चालवणारी चिप : नववा पाय विसरू नका

वॉशिंग मशीन, स्टॅबिलायझर यांच्या दुरुस्तीचा व्यवसाय करणाऱ्या तरुणांना १६ पायांची 'यूएलएन २००३' ही चिप नेहमी हाताळावी लागते. तिचे काम नीट समजून घेतले तर गिऱ्हाइकाचा बोर्डही वाचतो आणि आपले नावही.

बोर्डावरचा मायक्रोकंट्रोलर हुकूम देतो, पण त्याच्या एका पायातून फार तर काही मिलिअँपिअर करंट मिळतो. १२ व्होल्टच्या, ४०० ओहम कॉइलच्या रिलेला ३० मिलिअँपिअर लागतो. म्हणून मध्ये ड्रायव्हर हवा. या चिपमध्ये ट्रान्झिस्टरच्या ७ जोड्या असतात. एक जोडी ५० व्होल्ट व ५०० मिलिअँपिअरपर्यंत पेलते. मात्र सातही जोड्या एकदम पूर्ण भाराने चालवल्यास चिप तापून जळते.

ही चिप रिलेला १२ व्होल्ट पुरवत नाही. रिलेचे एक टोक १२ व्होल्टला कायम जोडलेले असते. हुकूम येताच चिप दुसरे टोक ग्राउंडला, म्हणजे ८ व्या पायाला जोडते.

खरी चूक होते ती ९ व्या पायाशी. रिले बंद होताना कॉइलमधून मोठ्या व्होल्टेजचा उलटा झटका येतो. तो जिरवणारे डायोड चिपमध्येच असतात, पण ९ वा पाय रिलेच्या सप्लायला जोडला तरच ते काम करतात. म्हणून चिप वारंवार जात असेल तर नवी बसवण्याआधी हा पाय तपासावा. दोन्ही सप्लायचे ग्राउंड एकच आहे ना, तेही पाहावे.