‘ऑफर’ची बेरीज, मावशीची वजाबाकी

मंडळी, एक साधा प्रश्न. गेल्या महिन्यात तुमच्या घरात किराण्यावर किती खर्च झाला? आठवत नाही ना? आता दुसरा. त्याच महिन्यात कूपन आणि सेलमुळे किती पैसे वाचले? हे मात्र लगेच सांगता येतं, कारण बिलाच्या तळाशी ते ठळक अक्षरांत छापलेलं असतं. माझा मावसभाऊ तर असे आकडे तोंडपाठ सांगतो.

दादा छत्रपती संभाजीनगरला राहतो आणि वाळूजच्या एका कंपनीत नोकरी करतो. वहिनी घरी ट्यूशन घेतात. दोन मुलं, होम लोन, बाइकचा हप्ता, अगदी तुमच्या-माझ्यासारखं टिपिकल घर. दादाच्या फोनवर किराण्याची चार अॅप्स. कुठे कॅशबॅक, कुठे दोनावर एक फ्री, सगळं त्याला पाठ. गेल्या मे महिन्यात मोठीच्या शाळेच्या फीचा पहिला हप्ता आला, 18,000 रुपये. आणि खात्यात निघाले जेमतेम आठ हजार. दादा वैतागून म्हणाला, ‘‘अगं, किराण्यातच मी महिन्याला दीड-दोन हजार वाचवतो. मग पैसे जातात कुठे?’’

उरलेले दहा हजार मागायला तो मावशीकडे निघाला. गाडीत मीही होते.

ओसरीवरचं ऑडिट

मावशी पाचोडला राहते. पैठण तालुक्यातलं, धुळे-सोलापूर हायवेवरचं हे गाव. शहरातून निघालं की साधारण तासाभरात पोचतो. मोसंबीच्या बाजारासाठी पाचोडचं नाव मराठवाड्यात सगळ्यांना माहीत आहे. मावशीने पैशांचं ऐकून घेतलं, चहा ठेवला आणि म्हणाली, ‘‘देते. पण आधी मला तुझी बिलं दाखव.’’

दादाने खिशातून कागदी बिलं काढली, फोनवरची उघडली. मी वही-पेन घेऊन बसले. एप्रिलची एकूण खरेदी 9,400 रुपये. सगळ्या बिलांवर मिळून ‘तुम्ही वाचवले’ 1,860 रुपये. दादाचा चेहरा खुलला. मावशीने चष्मा लावला आणि एकेक वस्तू वाचत एकच प्रश्न विचारत गेली, ‘‘हे यादीत होतं का?’’

तीन प्रकारचे सॉस यादीत नव्हते. फ्री मिळालेल्या बिस्किटांसाठी घेतलेले दोन फॅमिली पॅक नव्हते. घरात आधीच दोन डबे असताना आणलेला ओट्सचा तिसरा डबा तर अजिबात नव्हता. यादीत नसलेल्या वस्तूंची बेरीज झाली 1,340 रुपये. दादा गप्प.

‘‘कामून घेतलं रे एवढं?’’ मावशी म्हणाली. दादाचं उत्तर आपल्या सगळ्यांचंच आहे. ‘‘999च्या वर 100 रुपये सूट होती.’’

आता हे गणित बघा. त्या दिवशी त्याला लागणारं सामान 780 रुपयांचं होतं. कूपनसाठी त्याने 230 रुपयांच्या वस्तू वाढवल्या. बिल झालं 1,010 आणि शंभर वजा जाऊन त्याने भरले 910. म्हणजे शंभर ‘वाचवायला’ खिशातून 130 जास्त गेले!

हा आकडा येतो कुठून?

‘तुम्ही वाचवले’ हा आकडा बहुतेक वेळा एमआरपीशी तुलना करून काढलेला असतो. एमआरपी म्हणजे पाकिटावर छापलेली कमाल किंमत, तीही सगळे कर धरून. त्यापेक्षा जास्त दराने विकता येत नाही, पण कमी दराने विकायला कुणाचीच आडकाठी नाही. तेल, साबण, डिटर्जंट एमआरपीपेक्षा कमी दरात गल्लीतला किराणावालाही देतो. तो फक्त ते बिलावर छापत नाही. म्हणून तुलना करायची ती शेजारच्या दुकानातल्या खऱ्या भावाशी.

आपल्याकडे ‘सेल’चं वेड लागलं ते बिग बझारच्या काळात. 26 जानेवारी 2006 ला त्यांनी ‘सबसे सस्ता दिन’ काढला आणि देशभर इतकी गर्दी झाली की काही ठिकाणी शटर ओढून घ्यावी लागली. पुढे बुधवारच्या बाजाराचीही लोकांना सवय लागली. 2022 मध्ये त्यातली बरीच दुकानं रिलायन्सकडे गेली, पण फंडा तोच राहिला. साखर किंवा तेलासारखी भाव पाठ असलेली एखादी वस्तू अगदी स्वस्त द्यायची, गिऱ्हाईक आत आणायचं आणि बाकीच्या रॅकवर कमवायचं.

डीमार्टचा रस्ता वेगळा. 2002 मध्ये पवईत पहिलं दुकान उघडलं तेव्हापासून त्यांचा भर रोजच कमी भाव ठेवण्यावर. बऱ्याचशा जागा स्वतःच्या, सजावट कमी आणि पुरवठादाराला पैसे लवकर देऊन माल स्वस्तात घ्यायचा. तिथे कूपन लागत नाही, पण ट्रॉली लागते. आणि ट्रॉलीला तळ नसतो, हे आपण सगळेच जाणतो!

पाचोडचा ओरिजिनल सेल

योगायोगाने तो आठवडी बाजाराचा दिवस होता. दुपारी मी पिशवी घेऊन निघाले तर मावशी म्हणाली, ‘‘आत्ता नको. बाजार मोडायला लागला की जाऊ.’’ संध्याकाळी विक्रेते आवरायला लागतात. उरलेली भाजी परत न्यायचं भाडं आणि नासाडी दोन्ही त्यांना परवडत नाही. मग भाव आपोआप उतरतो. कूपन नाही, कोड नाही. मात्र माल निवडून घ्यावा लागतो. पालेभाजी तोवर मलूल झालेली असते, म्हणून मावशी ती सकाळीच घेते. मोडत्या बाजारात घ्यायचे ते कांदे, बटाटे, लसूण, भोपळा, म्हणजे टिकणाऱ्या गोष्टी.

ज्वारी ती रब्बीचा माल निघाला की ओळखीच्या शेतकऱ्याकडून वर्षाची घेते. उन्हात वाळवायची, कडुनिंबाचा पाला घालून कोठीत भरायची. तूरडाळही नवीन माल आल्यावरच. इथे कराचाही एक भाग आहे. 18 जुलै 2022 पासून पाकीटबंद, लेबल लावलेल्या 25 किलोपर्यंतच्या धान्य, डाळी आणि पिठावर 5 टक्के जीएसटी लागतो. सुट्या मालावर तो नाही.

म्हणजे गावाकडचं सगळं स्वस्त? अजिबात नाही. साबण, शाम्पू, टूथपेस्ट मावशीला शहरापेक्षा महाग पडतात. 22 सप्टेंबर 2025 पासून या वस्तूंवरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला, तरी शहरातल्या मोठ्या दुकानाइतकी सूट गावातल्या छोट्या दुकानाला परवडत नाही. मावशीने लगेच दादाला सांगितलं, ‘‘पुढच्या वेळी माझं साबण-सोडा तूच आण. मी तुला ज्वारी देते.’’

मग तरीही ती गावातल्या किराणावाल्याकडून सामान का घेते? तिचं उत्तर ऐकून मी पेन खाली ठेवलं. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये दादाचा पगार दोन महिने अर्धाच आला. त्या काळात मावशीचा किराणा उधारीवर चालला. दुकानदाराने वहीत लिहून ठेवलं, एकदाही दारात आला नाही. ‘‘दोन रुपये त्याला जास्त जातात, माहीत आहे मला,’’ ती म्हणाली. ‘‘ते माझं कूपन आहे. अडीअडचणीला चालतं.’’

एकट्याने नाही, गटाने

शेजाऱ्यांनी मिळून खरेदी करायची ही आयडिया आपल्या महाराष्ट्रात जुनी आहे. 1975 मध्ये सुरू झालेली मुंबई ग्राहक पंचायत हेच करते. शेजारपाजारची कुटुंबं गट करतात, महिन्याची मागणी आधी नोंदवतात, माल एकत्र येतो आणि सभासद स्वतःच वाटप करतात. शोरूम नाही, रॅक नाही, म्हणून ‘दिसलं म्हणून घेतलं’ हा प्रकारही नाही. दादाच्या सोसायटीतल्या चार घरांनी आता तेल आणि तांदूळ असाच एकत्र आणायला सुरुवात केली आहे.

तुम्हीही ट्राय करा!

• यादी आधी, अॅप नंतर. कूपनची मर्यादा यादीत बसत असेल तरच ते वापरा.

• पाकिटाची नाही, 100 ग्रॅमची किंवा एका लिटरची किंमत बघा. मोठा पॅक दर वेळी स्वस्त नसतो. शाम्पूचं छोटं पाऊच कधी कधी बाटलीपेक्षा स्वस्त पडतं.

• रोज लागणाऱ्या दहा वस्तूंचे भाव वहीत लिहून ठेवा. मग सेल खरा की खोटा, ते एका नजरेत कळतं.

• दोनावर एक फ्री घेताना एक्सपायरी डेट बघा. टाकून द्यावं लागलं तर फ्री कसलं?

• स्वस्त भाजीसाठी मुद्दाम पन्नास किलोमीटर गाडी पळवू नका. पेट्रोलही बिलातच धरायचं!

आणि त्या दहा हजारांचं काय झालं? मावशीने पेटीतून काढून दिले, फी वेळेवर भरली. पण अट घातली की किराण्यात खरोखर जे वाचेल ते दर महिन्याला तिला परत द्यायचं. जूनमध्ये दादाचा किराणा आला 7,850 रुपये. जुलैमध्ये पाहुणे होते, तरी 8,100. ऑगस्टमध्ये 7,900. एप्रिलच्या 9,400 शी ताडून पाहिलं तर तीन महिन्यांत वाचले 4,350 रुपये. या वेळी ते बिलाच्या तळाशी छापलेले नव्हते, दादाच्या हातात होते.

ऑगस्टअखेर आम्ही पुन्हा पाचोडला गेलो. बाजारात आंबिया बहाराची मोसंबी आली होती. दादाने साबणाची पिशवी आणि पैसे मावशीपुढे ठेवले. तिने नोटा दोनदा मोजल्या, वहीत 4,350 लिहिले, खाली ‘बाकी 5,650’ लिहिलं आणि वही दादापुढे सरकवली.

‘‘सही कर,’’ ती म्हणाली. ‘‘आणि येताना ओट्स आणू नको, मला ते आवडत नाहीत.’’