चिखल दोन महिन्यांचा, काटा बारमाही

दिल्लीत मोसमी पाऊस पोचतो तो जूनच्या अखेरीला आणि सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गाशा गुंडाळतो. वर्षाची सरासरी पावणेआठशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे पुणे शहराहून फार वेगळी नाही. फरक आहे तो पडण्याच्या तऱ्हेत. पुण्यात दिवसेंदिवस रिपरिप चालते. इथे आठ-दहा दिवस नुसता उकाडा आणि मग एका रात्रीत सगळा हिशेब चुकता. 28 जून 2024 च्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत दिल्लीच्या सफदरजंग वेधशाळेत 228 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. अशा पावसानंतर ऊन असं तापतं की परवाचा चिखल आज ढेकूळ झालेला असतो.

हे हवामानपुराण सांगायचं कारण असं, की पावसाळा तोंडावर आला की गुडगाव, फरिदाबाद, नोएडाकडचे माउंटन बाइकवाले ‘मड टायर’च्या शोधात निघतात. झंडेवालानच्या सायकल बाजारात किंवा ऑनलाइन, उंच आणि विरळ नॉबांचा, म्हणजे रबरी उंचवट्यांचा, दिसायला ट्रॅक्टरच्या टायरचा धाकटा भाऊ शोभेल असा टायर हेरला जातो. माझं मत विचाराल तर या भागात तो घेऊ नये. का, ते समजण्यासाठी आधी पायाखालची जमीन बघायला हवी.

एनसीआरमध्ये चिखल दोन प्रकारचा आहे. पहिला अरवलीचा. गैरतपूर बासजवळची लेपर्ड ट्रेल, ग्वाल पहाडी, दमदम्याकडच्या टेकड्या हे सगळं क्वार्टझाइट नावाच्या कठीण, धारदार दगडाचं राज्य. तो झिजून जी जाडसर तांबूस रेती होते तिला इथले गवंडी ‘बदरपूर’ म्हणतात. भाटीच्या खाणींतून निघालेल्या या रेतीवर अर्धी दिल्ली उभी राहिली. सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये आणि पुन्हा 2009 मध्ये या पट्ट्यातल्या खाणकामाला चाप लावला. त्या काळातले ट्रकचे रस्ते आणि पावसात तळी होणारे खड्डे मात्र राहिले, आणि आज सायकलवाले फिरतात त्या कित्येक वाटा मूळच्या त्याच आहेत. आपल्याकडच्या मुरमासारखी ही जमीन पाणी धरत नाही. जोराच्या पावसानंतर काही तासांत वर पातळ गाळाचा थर उरतो आणि त्याच्याखाली लगेच दगड लागतो.

दुसरा चिखल यमुनेच्या खादरातला, म्हणजे पूरमैदानातला, पुश्त्याच्या (बांधाच्या) आतल्या बाजूचा. हा नदीने आणून टाकलेला बारीक गाळ. 13 जुलै 2023 ला जुन्या लोखंडी पुलापाशी यमुना 208.66 मीटरवर गेली होती. पाणी ओसरल्यावर मागे जे उरलं त्यात माणूस घोट्यापर्यंत रुतत होता. विदर्भ-मराठवाड्याची काळी माती ज्याने तुडवली आहे त्याला हा प्रकार नवा नाही. चाक एक फेरा घेतं, माती टायरला चिकटते, दुसऱ्या फेऱ्यात मातीला माती चिकटते आणि तिसऱ्याला फोर्कच्या कमानीत सगळं अडकून चाक फिरायचंच थांबतं. मग सायकल खांद्यावर.

आता मड टायर काम कसं करतो ते पाहू. त्याचे नॉब उंच आणि टोकदार असतात, ते मऊ थर भेदून खालची घट्ट जमीन पकडतात. नॉब एकमेकांपासून लांब असल्यामुळे चाक फिरताना मधली माती भिरकावली जाते. युरोपातल्या ओल्या, खोल मातीच्या जंगलांत ही युक्ती सोन्यासारखी चालते. अरवलीत भेदायला खाली मातीच नाही. उंच नॉब ओल्या क्वार्टझाइटवर टेकतो, वजन येताच वाकतो आणि सायकल बाजूला सरकते. परदेशातले स्पर्धक जमीन कठीण असली की याच टायरांचे नॉब कात्रीने छाटून आखूड करतात, ते उगाच नाही. खादरात तो कदाचित थोडा उपयोगी पडेल; पण तिथला ओला गाळ असा आहे की एक दिवस थांबून जाणं कुठल्याही टायरपेक्षा स्वस्त पडतं. शिवाय ओल्या गाळात पाडलेले चर उन्हात वाळून पक्के होतात आणि पुढचे चार महिने सगळ्यांना धडधडवत ठेवतात.

चिखलाहून मोठा शत्रू वेगळाच आहे. आपण ज्याला वेडी बाभूळ म्हणतो तो इथला विलायती कीकर. मूळचा अमेरिका खंडातला. इंग्रजांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात रिज, म्हणजे दिल्लीतली अरवलीची टेकड्यांची रांग, हिरवी करायला आणून लावला आणि त्याने धावड्याच्या जातीचा ‘धौ’ वगैरे देशी झाडांची जागा बळकावली. पावसात तो तरारतो, फांद्या वाटेवर झुकतात, तुटतात आणि चिखलाखाली दडतात. काटा सरळ, ताठ आणि सुकल्यावर खिळ्यासारखा कडक. जोडीला उघड्या जागी सराटे आहेतच. मऊ मातीत काटा आडवा दाबला जाईल असं वाटतं. पण खाली दगड असल्याने तो दगड आणि टायर यांच्यामध्ये सापडतो आणि सरळ आत शिरतो. म्हणून इथे चाकं निवडताना पहिला प्रश्न ‘ट्युबलेस होतील का’ हा विचारावा. बाकी सगळं त्यानंतर.

सायकलचं ट्युबलेस मोटारीपेक्षा थोडं वेगळं असतं. फ्रान्सच्या माविकने 1999 मध्ये यूएसटी नावाने खास रिम आणि टायर बाजारात आणले, पुढे पातळ सीलंट वापरून साध्या हलक्या टायरांनाही ते जमू लागलं. रिमच्या आरांच्या भोकांवर हवाबंद टेप, ट्यूबऐवजी नुसता वॉल्व्ह आणि आत 29 इंची चाकाला साधारण शंभर-सव्वाशे मिलिलिटर सीलंट. हे सीलंट म्हणजे रुईच्या चिकाचा भाऊबंद: पांढरं, हवा लागली की घट्ट होणारं. काटा काढला की भोकातून फुसफुस करत बुडबुडे येतात. चाक फिरवून भोक खाली आणायचं, चीक तिथे जमतो, बुडबुडे लहान होत जातात आणि आवाज बंद होतो. काटा मोडून आतच राहिला असेल तर त्याला न डिवचता घरी यावं. ट्यूब असती तर तोच तुकडा नव्या ट्यूबलाही भोक पाडता. अशा वेळी टायर उलटा करून आतून फडकं फिरवायचं, फडकं अडकेल तिथे काटा.

दिल्लीचा उन्हाळा मात्र या चिकाचा वैरी. पॅकेटवर सहा महिने लिहिलेलं असलं तरी मे-जूनमध्ये गच्चीच्या खोलीत किंवा बाल्कनीत ठेवलेल्या सायकलीत तो दोन-तीन महिन्यांत सुकून टायरच्या आत नुसती कातडी उरते. पावसाळ्याआधी वॉल्व्हचा गाभा काढून ताजा चीक घालावा, म्हणजे ऐन वेळी दगा होत नाही. पहिल्यांदा टायर बसवायला हवेचा जोराचा झोत लागतो. हातपंपाने जमलं नाही तर कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर आहे. बारीक प्रेस्टा वॉल्व्ह असेल तर पितळी अडॅप्टर खिशात ठेवावा, नाहीतर भैया आपल्याकडे आणि आपण भैयाकडे बघत बसतो.

आता मापं. व्यासाला 26, 27.5 आणि 29 असे तीन प्रकार. टायर जिथे बसतो तिथे मोजलं तर 559, 584 आणि 622 मिलिमीटर. टायरच्या कडेवर हे आकडे छापलेले असतात, खरेदी त्यांवरूनच करावी. अरवलीच्या दगडी पायऱ्यांवर 29 सोपं पडतं यात शंका नाही, पण आहे ती सायकल बदलण्याइतकं काही नाही. जास्त महत्त्वाची ती रिमची आतली रुंदी. 25 ते 30 मिलिमीटरच्या रिमवर 2.3 ते 2.4 इंची टायर नीट ताठ बसतो. अरुंद रिमवर तोच टायर फुगा होतो आणि कमी हवेत वळणावर मुडपतो. चिखलासाठी म्हणून 2.6 चा गलेलठ्ठ टायर घातलात तर फ्रेममध्ये जागा किती उरते ते आधी बघा. दोन्ही बाजूंना बोटाची जाडी तरी मोकळी हवी. कार्बनच्या रिमांच्या नादी इथे लागू नये. चिखलात लपलेल्या दगडावर आपटून अ‍ॅल्युमिनियमची रिम वाकली तर बरेचदा ठोकून सरळ करता येते. कार्बनला तडा गेला की विषय संपला.

खरी जादू हवेच्या दाबात आहे, आणि तिला पैसे पडत नाहीत. सत्तर-पंचाहत्तर किलोच्या माणसाने ट्युबलेसमध्ये पुढे 20 आणि मागे 23 पीएसआयपासून सुरुवात करावी. मागे रिम दगडावर आपटल्याचा आवाज आला तर दोन वाढवावेत. ट्यूब असेल तर तीसच्या खाली जाताना जपून, नाहीतर रिम आणि दगडाच्या कात्रीत ट्यूब चिरते. मी बघितलेले निम्मे सायकलस्वार पन्नास पीएसआय भरून येतात आणि घसरल्यावर टायरच्या कंपनीला शिव्या देतात. पंक्चरवाल्याच्या टाकीवरचा काटा एवढ्या कमी दाबात भरवशाचा नसतो, स्वतःचं छोटं डिजिटल गेज घ्यावं.

नॉबांचं म्हणाल तर मध्यम उंचीचे, मधली जागा मोकळी, कडेचे मात्र दणकट, असा टायर पुढे. मॅक्सिसचा मिनियन डीएचएफ हे त्याचं ठळक उदाहरण. रबर पुढे मऊ घ्यावं, कारण ओल्या दगडावर पकड देतं ते रबर; नॉबांचा आकार तिथे फारसा कामाला येत नाही. मागे थोडं कडक आणि आखूड नॉबांचं चालतं. बाजूची भिंत जाड असलेलाच घ्यावा, भले शंभर-दीडशे ग्रॅम वाढोत. क्वार्टझाइटची धार बाजूने चिरते आणि ती चीर कुठलाही चीक भरत नाही. दोन चांगल्या आयात टायरांच्या पैशांत एक साधी सायकल येते हे खरंच. म्हणून ज्याच्याकडे मॉलमधली 26 इंची साधी एमटीबी आहे त्याने ट्युबलेसचा हट्ट धरू नये. तिच्या रिमला बहुधा त्यासाठीची कडच नसते. जाड ट्यूब, तिच्यात सीलंट आणि टायर-ट्यूबच्या मध्ये काटारोधक पट्टी, एवढ्यावर दोन पावसाळे निभतात.

राइड संपल्यावर गाड्या धुण्याच्या सेंटरवर सायकल नेऊन प्रेशरचा फवारा मारून घेण्याची इथे फॅशन आहे. तो फवारा हबच्या सीलमधून आत घुसतो, ग्रीस धुऊन काढतो आणि महिन्याभरात बेअरिंग करकरू लागतं. बादली, ब्रश आणि साधी नळी पुरते. नव्या चाकांचे आरे पहिल्या काही राइडमध्ये सैल होतात, तेव्हा एकदा जाणत्या मिस्त्रीकडून आउट काढून घ्यावा. मागचा टायर आधी गोटा होतो. तो टाकून पुढचा मागे घालायचा आणि नवा नेहमी पुढे. मागचं चाक घसरलं तर माणूस सावरतो, पुढचं घसरलं की हातावर आणि हनुवटीवर क्वार्टझाइटची नक्षी उमटते.