अपराधाची कबुली, न्यायालयातील

फौजदारी खटल्यात दोषारोप वाचून दाखविल्यावर आरोपीने तो न्यायालयासमोर मान्य करणे. तपासाच्या वेळी दंडाधिकाऱ्याने नोंदविलेला कबुलीजबाब हा पुराव्याचा एक भाग असतो व त्याची परीक्षा पुढे व्हावयाची असते. या कबुलीनंतर मात्र दोषसिद्धीसाठी पुराव्याची गरजच सहसा उरत नाही. म्हणून ती समजून व स्वेच्छेने दिलेली असावी, असा दंडक आहे.

या दंडकाचा विशेष ऊहापोह अमेरिकेत झाला. तेथील बहुतेक फौजदारी प्रकरणे साक्षीपुराव्याने नव्हे, तर कबुलीनेच निकालात निघतात व तीमागे पुष्कळदा सरकार पक्षाशी झालेला सौदा असतो. बॉइकिन वि. अलाबामा (१९६९) या खटल्यात २७ वर्षांच्या एका कृष्णवर्णीय तरुणाने जबरी चोरीचे पाच आरोप मान्य केले होते. न्यायाधीशाने त्याला काही विचारल्याची नोंद नव्हती आणि ज्यूरीने पाचही आरोपांबद्दल मृत्युदंड ठरविला. सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल फिरविला. कबुली देणारा आरोपी स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा, ज्यूरीकडून न्याय मिळविण्याचा व विरुद्ध साक्षीदारांना सामोरे जाण्याचा, असे तीन हक्क सोडतो. ते तो जाणूनबुजून सोडत आहे, हे अभिलेखावरून दिसले पाहिजे. कोऱ्या अभिलेखावरून तसे गृहीत धरता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. पुढे हेंडरसन वि. मॉर्गन (१९७६) या खटल्यात ठार मारण्याचा हेतू हा आरोपित गुन्ह्याचा आवश्यक घटक असल्याचे आरोपीला कोणीच सांगितले नव्हते, म्हणून त्याची कबुली अवैध ठरली.

ज्ञानाची कसोटी अशी लावता येते. स्वेच्छेची तितकी सोपी नाही. ब्रेडी खटल्यातील (१९७०) अपहरणविषयक कायद्यानुसार केवळ ज्यूरीच्या शिफारशीनेच मृत्युदंड होऊ शकत असे. तो टाळण्यासाठी दिलेली कबुली तेवढ्यावरून अनिच्छेची ठरत नाही, असा निर्णय झाला. त्याच वर्षीच्या अल्फर्ड खटल्यातील आरोपीने आपण खून केला नसल्याचे सांगत, फाशीच्या भयाने दुसऱ्या प्रतीच्या खुनाचा आरोप मान्य केला. पुरावा भक्कम असल्याने ही कबुलीही ग्राह्य ठरली. धमकी किंवा फसवे आश्वासन यांनी मिळविलेली कबुली त्याज्य. पण दोन संकटांतून एकाची निवड ही मात्र स्वेच्छाच. सामान्य व्यवहारात या शब्दाला इतका ताण कोणी देणार नाही.

भारतात कबुलीवरून दोषी ठरविणे न्यायाधीशाच्या विवेकाधीन आहे. मुंबईवरील २००८ च्या हल्ल्याच्या खटल्यात अजमल कसाबने २० जुलै २००९ रोजी दिलेली कबुली अपुरी असल्याने ती नोंदवून खटला पुढे चालविण्यात आला. थिप्पेस्वामी खटल्यात (१९८३) सौम्य शिक्षेच्या आश्वासनावर कबुली घेऊन वरच्या न्यायालयाने शिक्षा वाढविणे, हे संविधानाच्या अनुच्छेद २१ चा भंग करणारे मानले गेले. २००६ पासून सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या काही गुन्ह्यांत असा सौदा कायद्याने करता येतो. त्यापूर्वी न्यायाधीश आरोपीला बंद दालनात एकट्याला विचारून त्याच्या स्वेच्छेची खात्री करून घेतो. तथापि जामिनाअभावी ज्याची कच्ची कैद संभाव्य शिक्षेइतकी लांबली आहे, त्याला गुन्हा कबूल केल्यास बहुधा त्याच दिवशी घरी जाता येते, आणि नाकारल्यास पुढची तारीख मिळते.