विमानात आकडा आधी घसरतो

खिशात मावेल असा गायगर काउंटर घेऊन विमानात बसलात, तर उड्डाणानंतरची पहिली काही मिनिटं तो चकवा देतो. आकडा वाढायचा सोडून घसरतो! जमिनीवर आपल्याला मिळणारा किरणोत्सार बराचसा पायाखालच्या दगडमातीतून, तिच्यातल्या युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियममधून येतो. विमान उठलं की ती माती लांब राहते. मग थोड्या उंचीवर आकडा वळतो आणि चढतच जातो.

हीच घसरण आणि हाच चढ ऑस्ट्रियाच्या व्हिक्टर हेसने १९१२ साली बलूनच्या टोपलीत बसून टिपला. ७ ऑगस्टला तो पाच किलोमीटरच्याही वर गेला होता. त्याआधी एप्रिलमधल्या सूर्यग्रहणात तो मुद्दाम उडाला. सूर्य झाकला तरी किरण कमी झाले नाहीत, म्हणजे त्यांचा मुख्य उगम सूर्य नव्हे. या विश्वकिरणांच्या शोधासाठी त्याला १९३६ साली नोबेल मिळालं.

कुठल्या तरी दूरच्या ताऱ्याच्या स्फोटातून निघालेला प्रोटॉन हवेतल्या अणुकेंद्रावर आदळतो आणि त्यातून नव्या कणांचा वर्षाव सुरू होतो. आपल्या डोक्यावरची हवा दहा मीटर पाण्याच्या थराइतकी जड आहे, म्हणून खाली फार थोडं पोचतं. पण अकरा किलोमीटरवर त्यातली तीन चतुर्थांशाहून जास्त हवा आपल्या पायाखाली गेलेली असते. तिथे किरणोत्साराची मात्रा तासाला साधारण २ ते ८ मायक्रोसिव्हर्ट मिळते. समुद्रसपाटीवर विश्वकिरणांचा वाटा तासाला ०.०३ च्या आसपास.

पण खरी गंमत मोजण्यात आहे. त्या उंचीवर शरीरावर होणाऱ्या परिणामाचा जवळपास निम्मा भाग न्यूट्रॉनचा असतो, आणि न्यूट्रॉनला विद्युतभार नसल्यामुळे साधा गायगर काउंटर त्याची जवळजवळ दखलच घेत नाही. मग शास्त्रज्ञांनी काय करावं? शरीराच्या ऊतींसारखी रासायनिक घडण असलेल्या प्लॅस्टिकचा पोकळ गोळा बनवला आणि त्यात अगदी कमी दाबाचा प्रोपेन वायू भरला. वायू इतका विरळ की गोळ्याची अख्खी पोकळी पार करताना कण जेवढी ऊर्जा सोडतो, तेवढीच तो एक-दोन मायक्रोमीटर जिवंत ऊतीतून जाताना सोडेल. पेशीच्या आत काय घडतं हे मोजायला पेशीचंच हवेशीर सोंग उभं करायचं! मला तर ही युक्ती कणांच्या वर्षावाहूनही थोर वाटते.

आकडा मार्गावरूनही ठरतो. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र विषुववृत्ताजवळ या कणांना सर्वाधिक अडवतं, आणि चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं. त्यामुळे मुंबई-चेन्नई प्रवास तासाच्या हिशेबाने स्वस्तात पडतो. उत्तरेकडून वळसा घेणारा मुंबई-न्यूयॉर्क महागात. होमी भाभांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बंगळूरवर अमेरिकी हवाई दलाच्या विमानातून विश्वकिरण मोजले, तेव्हा या दक्षिणेकडच्या आकाशाचं मोल त्यांना पक्कं ठाऊक होतं.

कॉन्कर्ड विमान अठरा किलोमीटरवर उडायचं, म्हणून त्याच्या कॉकपिटमध्ये किरणोत्सारमापक बसवलेला असे. आजच्या वैमानिकांच्या छातीवर सहसा किरणोत्सार मोजणारा बिल्लाही नसतो. युरोपात त्यांची मात्रा मार्ग, उंची आणि सूर्याची त्यावेळची अवस्था घालून संगणकावर काढतात. सूर्य जोरात असला तर उलट विश्वकिरण कमी होतात. वर्षाला बहुतेकांचा हिशेब २ ते ५ मिलीसिव्हर्टच्या घरात येतो. एखाद्या लांबच्या प्रवासात आपल्याला मिळते ती मात्रा मिलीसिव्हर्टच्या दहाव्या भागाच्या आतबाहेर, म्हणजे घाबरण्यासारखं काही नाही.

स्वतः मोजून बघायचं असेल तर जरूर बघा. फक्त विमानतळाच्या एक्स-रे यंत्रातून काउंटर चालू ठेवून बॅगेतून पाठवू नका, एकूण बेरीज तिथेच बिघडेल. शून्यापासून सुरुवात विमानात बसल्यावर करा, दर दहा मिनिटांनी उंची आणि आकडा लिहा, आणि उतरल्यावर जी बेरीज येईल ती अर्धवट आहे असंच धरा.