उतावळीच्या काठचे गाव

शरद ऋतू सुरू झाला की गोमंतकीय माणूस घर सोडायला सहसा राजी नसतो. नवरात्रात देवळादेवळांतून मखरे झुलत असतात. कोजागरी उरकते न उरकते तोच मुलांना नरकासुराचे वेध लागतात. दिवाळीमागून तुळशीचे लग्न येते आणि मग जत्रांचा हंगाम सुरू होतो. त्यामुळे आमचे सारे प्रवास मे महिन्यावर ढकलले जातात आणि घाटापलीकडचा मुलूख आम्ही पाहतो तो नेमका त्याच्या सर्वांत केविलवाण्या रूपात. नद्या आटलेल्या, डोंगर भाजलेले, माणसे पाण्यामागे धावणारी. देश पाहायचा तर शरदातच पाहावा, असे आमचे फार दिवसांचे मत आहे. अगस्तीचा तारा उगवला की पाणी निवळते, असे आपल्या पूर्वजांनी सांगून ठेवले आहे. दसरा आणि दिवाळी यांच्या मधले चार दिवस काढून आम्ही बऱ्हाणपूरला गेलो, तेव्हा त्या म्हणण्याचा प्रत्यय आला.

बऱ्हाणपूर आज मध्यप्रदेशात आहे. 15 ऑगस्ट 2003 पासून तो स्वतंत्र जिल्हा झाला. पण वास्कोहून निजामुद्दीनला जाणारी गोवा एक्सप्रेस भुसावळ सोडून खांडव्याकडे निघते, तेव्हा राज्याची सीमा कोठे ओलांडली हे खिडकीत बसलेल्याला उमगत नाही. तीच तापी, तीच काळी जमीन, त्याच केळीच्या बागा. बाजारात कानांवर मराठी पडते, खानदेशी वळणाची. आणि समोरचा माणूस हिंदीत सुरुवात करून केव्हा मराठीवर येतो ते त्यालाही कळत नाही. मराठ्यांच्या इतिहासात तर हे गाव पावलोपावली भेटते. पुरंदरच्या तहातले मिर्झाराजे जयसिंग येथेच 1667 साली निवर्तले; मोहना नदी तापीला मिळते तेथे त्यांची छत्री आहे. संभाजीराजांच्या कारकिर्दीच्या आरंभी, 1681 साली, हंबीरराव मोहित्यांनी शहराबाहेरचे श्रीमंत बहादूरपुरे लुटले. उदगीरच्या विजयानंतर 1760 साली हे शहर पेशव्यांच्या पदरात आले. प्रवासी येतात, तापीकाठचा शाही किल्ला पाहतात, जामा मशिदीतला संस्कृत शिलालेख पाहून आश्चर्य करतात, मावा जिलेबी खातात, दराब्याचे पुडे बांधून घेतात आणि पुढच्या गाडीने जातात. आम्ही त्याऐवजी अमरावतीच्या रस्त्याला लागलो. शहरापासून सुमारे 20 किलोमीटरवर उतावळी नदीच्या काठी महल गुलारा नावाचे एक लहानसे गाव आहे, ते आम्हांला पाहायचे होते.

नदीचे नाव उतावळी! सातपुड्यातून उतरणारी ही नदी पावसाळ्यात नावाप्रमाणेच वागत असणार. तिला येथे थांबवून धरले आहे ते दोन दगडी बंधाऱ्यांनी. नदीच्या पात्रात काही अंतर सोडून हे दोन बंधारे घातलेले आहेत. मधल्या जागेत पाणी तुंबून एक लहानसे तळेच झाले आहे आणि बंधाऱ्याच्या माथ्यावरून जास्तीचे पाणी पांढऱ्या चादरीसारखे खाली पडत असते. दोन्ही काठांवर समोरासमोर दोन महाल उभे आहेत. महाल म्हणताना फार मोठे काही डोळ्यांपुढे आणू नये. मोगली कमानींच्या त्या आटोपशीर इमारती आहेत. गिलावा जागोजाग उडालेला आहे. पण त्या बांधणाऱ्याची नजर मात्र दाद देण्यासारखी. महालात बसणाऱ्याच्या डोळ्यांपुढे स्तब्ध पाणी असावे आणि कानांवर पडत्या पाण्याचा आवाज असावा, अशी ही योजना आहे. पाऊस सरून थोडेच दिवस झाले होते. गाळ तळाशी बसला होता, आकाश धुतल्यासारखे निळे होते आणि त्या निळाईत समोरच्या महालाची कमान उलटी तरंगत होती. काठावरच्या गवताला तुरे आले होते. पलीकडे कपाशीची आणि तुरीची शेते, त्यामागे सातपुड्याची रांग. गावातले व्यवहार या पाण्याच्या शेजारी आपले चालू होते. पाहुणा बघतो आहे म्हणून कोणी हातातले काम थांबवले नाही, हे आम्हांला विशेष आवडले.

गावाच्या नावाविषयी एक दंतकथा आहे. गुलारा नावाची एक गाणारी येथे होती, शाहजहान तिच्या गळ्यावर लुब्ध झाला आणि त्याने गावाला तिचे नाव दिले, अशी ती कथा. गावाचे जुने नाव करारा. दंतकथेची सत्यासत्यता इतिहाससंशोधकांवर सोपवून आम्ही अधिक भरवशाच्या साक्षीदाराकडे वळतो. शाहजहानचा दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याने आपल्या 'बादशाहनाम्या'त करारा येथील या बांधाचे आणि तळ्याचे वर्णन केले आहे. तेथे आधीचा एक बांध होता; शाहजहानने राजपुत्र असताना त्याला दुसऱ्याची जोड दिली. शिकारीला यावे, पाण्याकाठी विसावा घ्यावा, असे ते स्थान होते.

त्याच लाहोरीच्या त्याच ग्रंथात आणखी एक वर्णन आहे आणि ते वाचल्यावर गुलाऱ्याच्या पाण्याकडे निर्मळ मनाने पाहणे कठीण जाते. शाहजहान बादशहा झाल्यावर दक्षिणेच्या मोहिमेसाठी 1630 साली पुन्हा बऱ्हाणपुरात आला आणि 1632 पर्यंत राहिला. ही गुजरात आणि दख्खन यांच्या इतिहासातल्या सर्वांत भयंकर दुष्काळाची वर्षे होत. पाऊस पडला नाही, आणि जेथे थोडेबहुत पिकले होते तेथून फौजा गेल्या. हाडांची पूड पिठात मिसळून विकली जात होती, माणसे माणसांना खाऊ लागली होती, असे लाहोरी लिहितो; आणि तो तर बादशहाचा भाट होता, त्याला हे काळे चित्र रंगवण्यात काही लाभ नव्हता. सुरतेहून आग्र्याला निघालेला पीटर मंडी हा इंग्रज व्यापारी 1630 च्या अखेरीस याच वाटेने गेला. वाटेवर पडलेल्या प्रेतांची नोंद त्यानेही करून ठेवली आहे. बादशहाने लंगर घातले, दर सोमवारी 5,000 रुपये याप्रमाणे वीस सोमवारांत एक लाख रुपये बऱ्हाणपुरात वाटले, सुमारे 70 लाखांचा सारा माफ केला. हे खोटे नाही आणि ते नाकारण्याचे कारणही नाही. त्याच मुक्कामात, 17 जून 1631 रोजी, मुमताज महल बाळंतपणात वारली आणि सहा महिने तापीपलीकडच्या बागेत तिचे दफन राहिले. जगाने या शहराच्या त्या दोन वर्षांतून तेवढा एकच मृत्यू लक्षात ठेवला.

मराठी माणसाला मात्र त्या दुष्काळाची दुसरीच आठवण आहे. देहूच्या तुकोबांचे घर उद्ध्वस्त झाले ते याच दुष्काळात. त्यांची पहिली पत्नी आणि मुलगा अन्नावाचून गेले, व्यापार बुडाला, आणि वाण्याचा मुलगा डोंगरावर जाऊन बसला. शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला तोही या काळातच, 1630 च्या फेब्रुवारीत. गुलाऱ्याच्या काठी उभे राहून आम्हांला इंद्रायणी आठवली ती यासाठी. एकाच काळात, एकाच आकाशाखाली, कोठे पाणी शोभेसाठी अडवलेले होते आणि कोठे घोटभर पाण्यावाचून खेडीच्या खेडी ओस पडत होती.

येथे कोणी म्हणेल की चारशे वर्षांपूर्वीच्या बादशहाकडून लोककल्याणाचा हिशेब मागणे हा आजच्या माणसाचा आगाऊपणा आहे. असेलही. पण पाणी अडवण्याच्या दोन रीती आपल्या देशात जुन्या काळापासून आहेत आणि त्यांतला फरक गोमंतकीय वाचकाला वेगळा समजावून द्यायला नको. करमळीचे तळे कोणा राजाने मनोरंजनासाठी खणले नाही. गावकरीने, म्हणजे पुढच्या कोमुनिदादीने, ते शेतीसाठी राखले. खाजनांचे बांध आणि मानशी यांची देखभाल कोणी करायची, मानशीचे दार केव्हा उघडायचे आणि केव्हा लावायचे, याचे नियम गावाने घातले आणि गावानेच पाळले. कुडचड्याजवळचे नंदा तळे 2022 साली रामसर यादीत गेले, आपल्या राज्यातले असे पहिलेच. त्या तळ्याची थोरवी केवळ पाखरांत नाही; त्याच्या साठवलेल्या पाण्यावर खालच्या अंगाची भातशेती होते. अशा पाण्याला वारस असतात. गुलाऱ्याच्या पाण्याचा मालक 1632 साली निघून गेला आणि मग ते पाणी बेवारस झाले. गावाने त्याला आपलेसे केले खरे, पण बंधारा दुरुस्त करण्याचा अधिकार गावाकडे कधी आला नाही आणि पैसाही आला नाही. हा धबधबा आज आपल्याला दिसतो तो पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या थोड्या दिवसांत. वैशाखात येणाऱ्याने निराश होण्याची तयारी ठेवूनच यावे.

बऱ्हाणपूरच्या मोगलांना केवळ शोभेचेच पाणी कळत होते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. शहराजवळचा कुंडी भंडारा त्याची साक्ष देतो. हिंदी दोह्यांमुळे घरोघरी ठाऊक असलेले रहीम, म्हणजे खानखानान अब्दुर्रहीम, बऱ्हाणपुरात सुभेदार होते. त्यांच्या काळात, 1615 साली, तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकाराने ही योजना आखली. सातपुड्याच्या उतारावर मुरलेले पावसाचे पाणी जमिनीच्या पोटातून तापीकडे झिरपत जाते. त्या झिरपणाऱ्या पाण्याच्या वाटेत भुयारे खणून ते गोळा केले आणि केवळ उताराच्या बळावर शहरापर्यंत आणले. ना पंप, ना मोट. भुयारावर ठरावीक अंतराने कुंड्या, म्हणजे उभ्या विहिरी, काढल्या. त्यांतून हवा खेळते आणि साफसफाईसाठी माणूस उतरू शकतो. अशा शंभरावर कुंड्या आहेत. पाळण्यात बसून आपण सुमारे 80 फूट खाली जातो, तेव्हा चुन्याचे थर चढलेल्या भिंतींमधून चारशे वर्षांपूर्वीचे पाणी अजून वाहताना दिसते. मूळ आठ योजनांपैकी काही बंद पडल्या, काही तगल्या. 2024 च्या मार्चमध्ये या भंडाऱ्याचे नाव युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेले. ही आनंदाची गोष्ट आहे आणि ज्यांनी त्यासाठी खटपट केली त्यांचे अभिनंदन केले पाहिजे.

परंतु भंडारा म्हणजे काय? भुयार, कुंड्या, विटा आणि चुना एवढाच काय? पाणी येते ते डोंगरातून. गुलाऱ्याचे तळे भरते तेही डोंगरातूनच. डोंगरावर झाड नसेल तर पावसाचे पाणी मुरत नाही. ते माती घेऊन धावत सुटते, आणि उतावळी खरोखरीच उतावळी होते. 2022 आणि 2023 साली याच जिल्ह्यात नेपानगरच्या परिसरात अतिक्रमणासाठी झालेली वृक्षतोड देशभर गाजली. तिच्याविरुद्ध सर्वांत आधी ओरड करणाऱ्यांत आदिवासींच्याच संघटना होत्या, हे विसरून चालणार नाही. जंगल तुटले की सरसकट आदिवासीकडे बोट दाखवण्याची आपल्याकडे रीत आहे. आणि नेपानगरचे नाव निघालेच आहे तर वर्तमानपत्रवाल्यांनी थोडे सांभाळूनच बोलावे. देशातला वृत्तपत्री कागदाचा पहिला कारखाना येथलाच. पंडित नेहरूंनी तो 1956 साली राष्ट्राला अर्पण केला. कित्येक वर्षे भारतातले अग्रलेख, जंगले वाचवा असे सांगणारेसुद्धा, सातपुड्यातल्या सालईच्या आणि बांबूच्या लगद्यावर छापले गेले. पुढे हा कारखाना रद्दीवर चालू लागला, मध्यंतरी बंद राहिला आणि 2022 साली पुन्हा सुरू झाला.

जमिनीखालच्या पाण्याची गोष्ट आणखी नाजूक आहे. केळ हे बऱ्हाणपूरचे वैभव. केळीला वर्षभर पाणी लागते. ते नदी देत नाही, कूपनलिका देते. ठिबक सिंचनाने बरीच बचत झाली आहे आणि येथला शेतकरी त्या बाबतीत पुष्कळांच्या पुढे आहे. तरीही कूपनलिका ज्या थरातून पाणी उपसते तो थर आणि भंडाऱ्याच्या भुयारात झिरपणारा थर यांच्यामध्ये कोणी भिंत घातलेली नाही. केळी लावू नका असे शेतकऱ्याला सांगण्याचा अधिकार आम्हांला नाही. त्याच्या पोराबाळांची शिक्षणे आणि लग्ने त्या घडांवर होतात. पण किती खोल जायचे आणि कोठे थांबायचे, हे त्याच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांनी मिळून ठरवायला हरकत कोणती?

या जिल्ह्याने अलीकडे एक मोठा मान मिळवला आहे. 2022 च्या जुलैमध्ये बऱ्हाणपूर हा 'हर घर जल' म्हणून प्रमाणित झालेला देशातला पहिला जिल्हा ठरला. गावोगावच्या ग्रामसभांनी ठराव करून घरोघर नळ पोचल्याचे सांगितले. ज्या भूमीत 1630 साली माणसांनी हाडे दळली, तेथे प्रत्येक उंबऱ्याशी तोटी आली, ही गोष्ट कोणत्याही महालाहून मोठी मानायला हवी. नळाने पाणी येते हे सांगण्यासाठी ग्रामसभा भरली. नळात ते कोठून येते, उगमावरचे जंगल कोणी राखायचे, बंधाऱ्यातला गाळ कोणी काढायचा, यासाठी ती पुन्हा भरायला हवी, आणि तिच्या ठरावाला सरकारदरबारी किंमत असायला हवी.

जागतिक वारशाचे नामांकन पुढे सरकेल तेव्हा अधिकारी नकाशे काढतील, संरक्षित क्षेत्राच्या रेषा आखतील. त्या रेषा कुंड्यांभोवतीच्या कुंपणापाशी न थांबता सातपुड्याच्या उतारापर्यंत जाव्यात. गुलाऱ्याचे नाव आज त्या यादीत नाही. पण उतावळीचे पाणलोट क्षेत्र आखताना या दोन जुन्या बंधाऱ्यांची मोजणी करून घ्यावी, त्यांच्या डागडुजीसाठी दरवर्षी ठरावीक रक्कम गावच्या पंचायतीच्या हाती द्यावी आणि तिचा हिशेब ग्रामसभेत वाचला जावा. काम फार खर्चाचे नाही. पाऊस उघडल्यापासून पुढचा पाऊस येईपर्यंत सात-आठ महिने हाती असतात.