पॅड बांधून बसलेला खेळाडू

भारताचा क्रिकेट-संघ जाहीर व्हावयाच्या आदल्या संध्याकाळीं आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं एक निवड समिति बसते. तिला भत्ता नसतो, तिच्या सभेचें टिपण कोणी ठेवीत नाहीं, आणि तिचा एकही सभासद कधीं चुकत नाहीं. चहाचा दुसरा पेला संपतो न संपतो तोंच अकरा नांवें ठरतात, दोघां-तिघां नामांकित खेळाडूंना निवृत्त होण्याचा सल्ला मिळतो आणि सभा उठते. दुसऱ्या दिवशीं खरी यादी येते. ती आपल्या यादीशीं जुळली नाहीं, तर आपण घटकाभर हळहळतों आणि कामाला लागतों. परंतु त्याच वेळीं कोणत्या तरी घरांत एक तरुण ती यादी वरून खालीं आणि पुन्हां खालून वर वाचीत असतो. आज मला त्या तरुणाच्या मनाविषयीं दोन शब्द सांगावयाचे आहेत.

क्रिकेटपटूच्या मनावरील दडपण म्हटलें कीं भरलेलें मैदान आणि वेगानें धांवत येणारा गोलंदाज आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो. तें दडपण खरेंच आहे. पण त्याची संवय खेळाडू लहानपणापासून करीत आलेला असतो, आणि पहिले दोन-चार चेंडू बॅटीवर नीट बसले कीं तें ओसरूंही लागतें. दुसरें दडपण याहून वेगळें आहे. तें मैदानाबाहेर, रिकाम्या हातांनीं बसलेल्या मनुष्यावर येतें. आपण संघांत आहों कीं नाहीं, नसल्यास कां नाहीं, आणि असल्यास आणखी किती दिवस, या तीन प्रश्नांचें उत्तर मिळत नाहीं म्हणून तें वाढत जातें. खेळाडूला नकार सोसतां येतो, पण अनिश्चितता सोसत नाहीं, असें माझें मत आहे.

प्रथम निवडीचें गणित पाहूं. रणजी करंडकाच्या स्पर्धेंत अलीकडे ३८ संघ उतरतात. प्रत्येकाचे अकराच धरले, तरी ४१८ खेळाडू होतात. राष्ट्रीय संघाबरोबर दौऱ्यावर जातात पंधरा-सोळा, आणि मैदानांत उतरतात अकरा. ही चाळणी धरण्याचें काम पांच जणांच्या समितीकडे असतें. कर्णधाराचें म्हणणें ऐकून घेतलें जातें, पण त्याला मत नसतें. या पांच जागा बरींच वर्षें देशाच्या पांच विभागांत वांटलेल्या असत. त्यामुळें प्रत्येक विभाग आपल्या माणसाकडे आशेनें आणि दुसऱ्याच्या माणसाकडे संशयानें पाही.

आतां या पांच जणांपुढें पुरावा काय असतो? मुख्यतः धावांचे आणि बळींचे आंकडे. परंतु सरासरी पन्नास असलेला फलंदाज दर वेळीं पन्नास धावा करीत नसतो. तो एकदां दीडशें करतो आणि दोनदां हात हलवीत परत येतो. डॉन ब्रॅडमनची कसोटी सामन्यांतील सरासरी ९९.९४ होती. तरीही ८० डावांत तो ७ वेळां शून्यावर बाद झाला, आणि त्यांतला शेवटचा शून्य १९४८ सालीं ओव्हलवर, त्याच्या अखेरच्या डावांत आला. तेव्हां लागोपाठ तीन डाव फसले, एवढ्यावरून खेळाडूचा खेळ उतरला आहे कीं केवळ त्याचें दैव फिरलें आहे, हें सांगणें फार कठीण आहे. निवडकांना मात्र पुष्कळदां त्या तीन डावांवरूनच निकाल द्यावा लागतो. ते दुष्ट नसतात. त्यांच्या हातीं असलेलें मापच तोकडें असतें. करुण नायरनें डिसेंबर २०१६ मध्यें चेन्नईस इंग्लंडविरुद्ध नाबाद ३०३ धावा काढल्या. त्यानंतर तीन कसोटी सामने खेळून तो संघाबाहेर गेला, आणि पुढचा सामना त्याला मिळाला तो २०२५ सालीं, म्हणजे आठ वर्षांनंतर.

हें सर्व खेळाडूला ठाऊक असतें, आणि खरी अडचण तेथेंच आहे. आपण रोज जिना उतरतों तेव्हां पायांकडे लक्ष देत नाहीं. पण एखाद्या दिवशीं कोणी पाहात आहे असें वाटून प्रत्येक पायरीचा विचार करूं लागलों, तर हमखास अडखळतों. फलंदाजीचेंही असेंच आहे. वेगवान गोलंदाजाचा चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आंत येऊन पोंचतो. तेवढ्या अवधींत विचार होत नाहीं, वर्षानुवर्षें मुरलेली संवयच काम करते. जो फलंदाज ‘हा डाव फसला तर मी गेलों’ असें घोकीत उभा असतो, तो आपल्या हातांवर पहारा ठेवूं लागतो, आणि पहारा बसला कीं संवय बिघडते. म्हणजे वगळले जाण्याचें भय हेंच पुष्कळदां वगळले जाण्याचें कारण होऊन बसतें.

ज्याची निवड पक्की आहे त्याचेंही मन निर्धास्त असतेंच असें नाहीं. इंग्लंडचा सलामीचा फलंदाज मार्कस ट्रेस्कोथिक ७६ कसोटी सामने खेळला. २००६ च्या आरंभीं तो भारताचा दौरा अर्धवट टाकून मायदेशीं परतला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियांतूनही परतला. आपणांस मनाचा आजार जडला होता, हें त्यानें पुढें आत्मचरित्रांत उघडपणें लिहिलें. गुडघा दुखावला कीं कोणी खेळाडूला भित्रा म्हणत नाहीं. मन दुखावलें तर म्हणतात, ही समजूत बदलण्यास त्या कबुलीची मोठी मदत झाली. पुढें २०१९ सालीं ऑस्ट्रेलियाच्या ग्लेन मॅक्सवेलनें आणि २०२१ सालीं इंग्लंडच्या बेन स्टोक्सनें याच कारणास्तव कांहीं काळ विश्रांति घेतली, तेव्हां त्यांना तिचें कारण लपवावें लागलें नाहीं.

जें कधीं मिळालेंच नाहीं त्याचें दुःख मुंबईनें जवळून पाहिलें आहे. पद्माकर शिवलकर यांनीं प्रथम श्रेणीच्या सामन्यांत ५८९ बळी घेतले. १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यांत तामिळनाडूविरुद्ध त्यांनीं पहिल्या डावांत १६ धावांत ८ आणि दुसऱ्यांत १८ धावांत ५ गडी बाद केले. पण डावऱ्या फिरकीची भारतीय संघांतील जागा बिशनसिंग बेदींची होती आणि ती रिकामी होण्याचें चिन्ह नव्हतें. शिवलकर एकही कसोटी सामना न खेळतां निवृत्त झाले. त्यांचा दोष एवढाच, कीं ते चुकीच्या वर्षीं जन्मले.

अमोल मुजुमदारची हकीकत तर आपणांपैकीं पुष्कळांना माहीत असेल. १९८८ सालीं हॅरिस शील्डच्या शालेय सामन्यांत सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनीं ६६४ धावांची अभंग भागीदारी केली, तेव्हां पुढचा फलंदाज म्हणून अमोल पॅड बांधून बसला होता. त्याची पाळी आलीच नाहीं. १९९४ सालीं रणजी स्पर्धेंतील पहिल्याच सामन्यांत त्यानें हरयाणाविरुद्ध २६० धावा केल्या. पदार्पणांत इतक्या धावा तोंपर्यंत जगांत कोणी केल्या नव्हत्या. त्यानंतर वीस वर्षांत ११,००० हून अधिक धावा, ३० शतकें, मुंबईचें कर्णधारपद, रणजी करंडक, सर्व कांहीं झालें. पण भारताच्या मधल्या फळींत तेव्हां द्रविड, तेंडुलकर, गांगुली आणि लक्ष्मण होते, आणि तेथेंही त्याची पाळी आली नाहीं.

आतां आपणां प्रेक्षकांविषयीं बोललें पाहिजे, कारण या दडपणांत आपलाही वांटा आहे. १९७१ सालीं निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मतानें अजित वाडेकर कर्णधार झाले. त्याच वर्षीं त्यांच्या संघानें वेस्ट इंडीज आणि इंग्लंड यांना त्यांच्याच भूमीवर हरवून प्रथमच मालिका जिंकल्या. त्या विजयाची स्मृति म्हणून इंदूरला एक भली मोठी बॅट उभारण्यांत आली. १९७४ सालीं लॉर्ड्सवर संघ ४२ धावांत आटोपला, तीनही कसोटी सामने गेले, आणि लोकांनीं ती बॅट विद्रूप केली. वाडेकरांना पश्चिम विभागाच्या संघांतूनही वगळण्यांत आलें आणि त्यांनीं खेळ सोडला. तीन वर्षांत आपण एका मनुष्याला खांद्यावर घेतलें आणि खालींही टाकलें. मधल्या काळांत तो बहुतांशीं तोच खेळाडू होता.

मग यावर उपाय काय? खेळाडूंना मानसोपचारतज्ज्ञांचें साह्य मिळूं लागलें आहे, हें उत्तमच आहे. परंतु त्याहून स्वस्त असा एक उपाय आहे. ज्याला वगळावयाचें त्याला यादी छापून येण्यापूर्वीं बोलावून कारण सांगावें, परत येण्यासाठीं काय केलें पाहिजे तें सांगावें, आणि घेतल्यावर ‘इतके सामने तुझे’ असा शब्द द्यावा. निर्णय कठोर असला तरी चालेल. मौन मात्र असूं नये. आणि खेळाडूनेंही क्रिकेटखेरीज एखादी विद्या, एखादा छंद, चार मित्र राखून ठेवावे. सारें आयुष्य एका यादीला टांगून ठेवूं नये.

अखेर २०२५ सालच्या महिलांच्या विश्वचषकाकडे वळूं. मुंबईची जेमिमा रॉड्रिग्ज २०२२ च्या विश्वचषकाच्या संघांतून वगळली गेली होती. या वेळीं ती संघांत होती, पण पहिल्या चार डावांत दोनदां शून्यावर बाद झाली, आणि इंग्लंडविरुद्ध तिला बाहेर बसावें लागलें. पुढच्याच सामन्यांत तिला परत घेण्यांत आलें आणि तिनें नाबाद ७६ धावा केल्या. ३० ऑक्टोबरला नवी मुंबईंत उपांत्य सामन्यांत ऑस्ट्रेलियानें ३३९ धावांचें आव्हान ठेवलें. जेमिमा नाबाद १२७ धावा करून विजयी परतली. त्यानंतर सर्वांसमक्ष तिनें सांगितलें, कीं या स्पर्धेंत आपण जवळजवळ रोज रडत होतों, मन चिंतेनें ग्रासलेलें होतें, आणि सोबतच्या मैत्रिणी व घरचीं माणसें यांनीं आपणांस सांवरलें. तीन दिवसांनीं भारतानें विश्वचषक जिंकला. अंतिम सामन्यांत सर्वोत्तम ठरलेली शफाली वर्मा मूळ संघांत नव्हतीच. प्रतीका रावल जायबंदी झाल्यामुळें ती आली होती. आणि स्पर्धेंत ३०८ धावा केलेली प्रतीका चाकांच्या खुर्चींत बसून विजयोत्सव पाहात होती.

या संघाचा मुख्य प्रशिक्षक होता अमोल मुजुमदार. तिला एका सामन्यास बसविणाऱ्यांत आणि पुन्हां उभें करणाऱ्यांत, पॅड बांधून आयुष्यभर वाट पाहिलेला हा मनुष्य होता.

श्रोतेहो, पुढल्या खेपेस आपल्या घरची निवड समिति बसेल, तेव्हां ती खुशाल भांडूं द्या. तो आपला हक्कच आहे. फक्त खरी यादी आली, कीं तिच्यांत जें नांव नाहीं, त्याचीही एकदां आठवण करा.