तुमच्या वजनात हिग्जचा वाटा किती?

परवा बीएस्सीच्या एका विद्यार्थिनीने विचारलं, "सर, आपलं वस्तुमान हिग्ज फील्डमुळेच ना?"

जेमतेम एक टक्का!

आपल्या अणूंमधला प्रोटॉनच घ्या. त्यात दोन अप आणि एक डाउन क्वार्क असतात. हिग्जने त्यांना दिलेलं वस्तुमान मिळून साधारण ९ एमईव्ही (कणांचं वस्तुमान मोजायचं एकक). प्रोटॉनचं मात्र ९३८!

बाकीचं जवळपास सगळं म्हणजे ऊर्जा: क्वार्कना बांधणाऱ्या ग्लुऑनची आणि आत कोंडलेल्या क्वार्कच्या धावपळीची. आइन्स्टाइनच्या हिशेबात तीही वस्तुमानच.

क्वार्कना बांधणारा हा स्ट्राँग फोर्स तऱ्हेवाईक. गुरुत्वाकर्षण अंतराबरोबर मंदावतं. इथे क्वार्क लांब ओढले तरी पकड ढिली होत नाही. फार ताणलं, तर त्या ऊर्जेतून क्वार्क-प्रतिक्वार्कची नवी जोडीच जन्मते. म्हणूनच सुटा क्वार्क आजवर कुणालाही सापडलेला नाही.

(माझ्या मते फर्स्ट इयरलाच शिकवावं हे.)

शंका असतील तर बिनधास्त विचारा.